इंग्रजी भाषणाचा शेवट कोणत्या शब्दांनी करावा?

इंग्रजीतून बोलायचे म्हटले की सुरुवात पाठ करून निभावते, मधला भाग तयारीच्या बळावर पार पडतो, पण शेवटाला आल्यावर शब्द सापडत नाहीत, अशा आशयाची अनेक पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि इंग्रजी वक्तृत्व स्पर्धांत भाग घेते. भाषणाचा शेवट मी नेहमी ‘विथ दीज वर्ड्स, आय कन्क्लूड माय स्पीच. थँक यू’ असा करते. परीक्षकांनी एकदा ‘शेवट सपक वाटला’ असा शेरा दिला. याऐवजी कोणते वाक्य वापरावे?

उत्तर : तुमचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. अडचण अशी की ते तुमच्या विषयाबद्दल काहीच बोलत नाही, भाषण संपल्याची सूचना तेवढी देते. पर्यावरणावरचे भाषण असो, शिक्षणावरचे असो किंवा खेळावरचे, हे वाक्य कोणत्याही भाषणाच्या टोकाला जसेच्या तसे लावता येते, आणि परीक्षकांना जाणवलेला सपकपणा बहुधा यातूनच आला असावा. ऐकलेल्या गोष्टींपैकी अगदी शेवटी कानावर पडलेल्या गोष्टी लगेच आणि अधिक सहजपणे आठवतात. मानसशास्त्रात याला ‘रीसेन्सी इफेक्ट’ असे नाव आहे. इतकी मोलाची जागा निव्वळ सूचनेसाठी खर्च करणे मला पटत नाही.

ज्यांची इंग्रजी भाषणे आजही वाचली जातात, त्यांनी शेवट कसा केला ते पाहण्यासारखे आहे. अब्राहम लिंकन यांचे १९ नोव्हेंबर १८६३ रोजीचे गेटिसबर्ग येथील भाषण अवघे २७० शब्दांच्या आसपास आहे, आणि त्यांपैकी सुमारे ८० शब्द शेवटच्या एकाच वाक्यात आहेत. ते वाक्य चढत चढत लोकांच्या, लोकांनी चालवलेल्या, लोकांसाठी असलेल्या शासनापर्यंत पोहोचते आणि ‘शॅल नॉट पेरिश फ्रॉम द अर्थ’ या शब्दांवर थांबते. हे शासन पृथ्वीवरून नाहीसे होणार नाही, हा निर्धार उच्चारल्यानंतर लिंकन यांनी आणखी काहीही जोडलेले नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेल्या भाषणाचा शेवट याहून वेगळ्या घडणीचा आहे. अखेरच्या परिच्छेदात ते लोकांसाठी चालणारे शासन आणि लोकांनी चालवलेले शासन यांतील फरकाकडे लक्ष वेधतात, म्हणजे लिंकन यांच्याच शब्दांना नव्या प्रश्नासमोर उभे करतात; त्यासाठी एक लांब, अनेक पदरी वाक्य योजतात आणि त्याच्या पाठोपाठ दोन छोटी वाक्ये ठेवतात. देशसेवेचा हाच एकमेव मार्ग आहे, असे पहिले वाक्य सांगते. दुसरे वाक्य ‘आय नो ऑफ नो बेटर’ एवढेच आहे. लांब वाक्यानंतर येणाऱ्या या पाच शब्दांनी भाषण संपल्याचे श्रोत्याला आपोआप कळते आणि ‘आय कन्क्लूड’ म्हणण्याची गरजच उरत नाही. इंग्रजी भाषणाच्या समारोपाचा अभ्यास ज्यांना मनापासून करायचा आहे, त्यांनी हा शेवटचा परिच्छेद मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

२० एप्रिल १९६४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील रिव्होनिया खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून नेल्सन मंडेला सुमारे तीन तास बोलले. त्या निवेदनाचा शेवट लोकशाही आणि मुक्त समाजाच्या आदर्शाबद्दल आहे, आणि वेळ आल्यास या आदर्शासाठी मरण्याची माझी तयारी आहे, हे सांगणाऱ्या वाक्यातील अगदी अखेरचा शब्द ‘डाय’ हा आहे. इंग्रजी वाक्यात शेवटच्या शब्दावर जोर पडतो, हे येथे स्पष्ट दिसते. तुमच्या समारोपाच्या वाक्यातही सर्वांत वजनदार शब्द शेवटी येईल अशी रचना करा. ‘अँड सो ऑन’, ‘अॅज आय सेड’ किंवा ‘इन माय ओपिनियन’ यांसारखी शेपटे तेथे राहू देऊ नका.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. भाषण लिहायला घेण्याच्या आधीच एक वाक्य मराठीत लिहून काढा : सभागृहातून बाहेर पडताना श्रोत्यांनी काय करावे, काय आठवावे किंवा कशाबद्दल विचार करावा, असे मला वाटते? या उत्तरावर तुमचे समारोपाचे शब्द अवलंबून राहतील. श्रोत्यांनी काही करावे असे वाटत असेल, तर ‘सो हिअर इज माय रिक्वेस्ट टु यू’ किंवा ‘आय आस्क ईच ऑफ यू टु डू वन थिंग’ असे म्हणून ती एकच कृती स्पष्ट सांगा. त्यांनी विचार करावा असे वाटत असेल, तर ‘आय वुड लाइक टु लीव्ह यू विथ अ क्वेश्चन’ म्हणून तो प्रश्न विचारा, मात्र त्यानंतर त्याचे उत्तर स्वतः देऊ नका. त्यांनी एखादी गोष्ट लक्षात ठेवावी असे वाटत असेल, तर ‘इफ यू रिमेंबर ओन्ली वन थिंग फ्रॉम धिस स्पीच, लेट इट बी धिस’ हा प्रास्ताविक शब्दप्रयोग चांगला आहे, कारण तो ऐकताच श्रोता सावरून बसतो.

पाण्याच्या बचतीवर बोलणाऱ्या विद्यार्थ्याने ‘वुई शुड सेव्ह वॉटर’ म्हणून थांबण्यापेक्षा ‘टुनाइट, बिफोर यू स्लीप, गो अँड चेक दॅट वन टॅप’ असे म्हटले, तर शब्द साधेच राहतात, पण श्रोत्याला स्वतःच्या घरातला तो नळ डोळ्यांसमोर दिसतो. भाषणात आधी गळक्या नळाचा उल्लेख केलेला असेल, तरच ‘दॅट’ म्हणता येईल, हे मात्र ध्यानात ठेवावे. चांगला शेवट भाषणाच्या पोटातूनच निघतो, आणि म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या तयार वाक्यांच्या याद्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत.

प्रश्न : मी एका कंपनीत काम करतो. इंग्रजी भाषण ‘थँक यू’ म्हणून संपवणे दुबळेपणाचे आहे, असे एका प्रशिक्षकांनी सांगितले. दुसरे प्रशिक्षक म्हणतात की आभार न मानणे असभ्यपणाचे ठरेल. खरे कोणाचे?

उत्तर : दोन्ही मतांना परंपरेचा आधार आहे. १९२४ साली सुरू झालेल्या, वक्तृत्वाचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या संस्थेच्या क्लबांमध्ये आभाराने शेवट न करता सभा चालवणाऱ्याला संबोधून व्यासपीठ परत सोपवण्याची रीत रुळलेली आहे. श्रोत्यांनीच वक्त्याचे आभार मानायचे असतात, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. कार्यालयातील, परिषदेतील किंवा समारंभातील श्रोते मात्र ‘थँक यू’ची वाट पाहतात, कारण टाळ्या केव्हा वाजवायच्या हे त्यांना त्यावरून कळते.

माझे मत असे की ‘थँक यू’ जरूर म्हणावे, पण त्यालाच समारोप समजू नये. आधी तुमचे शेवटचे विचारपूर्ण वाक्य पूर्ण करा, एक श्वास घेण्याइतके थांबा आणि मग शांतपणे ‘थँक यू’ म्हणा. बहुतेक वक्ते शेवटचे वाक्य आणि आभार एका दमात उच्चारून टाकतात. त्यामुळे वाक्याचा अर्थ श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याआधीच टाळ्या सुरू होतात.

आभाराच्या शब्दांतही बारीक फरक आहेत. ‘थँक यू फॉर लिसनिंग’ हे जिव्हाळ्याचे आणि कोठेही चालणारे आहे. ‘थँक यू फॉर युवर अटेन्शन’ हे शास्त्रीय परिषदा आणि औपचारिक सादरीकरणे यांना शोभते. ग्राहक किंवा वरिष्ठ अधिकारी यांनी खास वेळ काढलेला असेल, तर ‘थँक यू फॉर युवर टाइम’ योग्य ठरते. ‘थँकिंग यू’ हा प्रयोग जुन्या पद्धतीच्या पत्रांच्या तळाशी असे, बोलण्यात तो वापरू नये. ‘थँक यू फॉर युवर पेशंट हिअरिंग’ आपल्याकडे फार ऐकू येते. पण माझे बोलणे ऐकायला तुम्हाला सहनशीलता लागली, अशी छटा त्यात येते, म्हणून मी ते टाळण्यास सुचवतो. ‘सॉरी फॉर टेकिंग युवर टाइम’ तर कधीच म्हणू नये. नम्रता म्हणून उच्चारलेल्या त्या एका वाक्याने आधी केलेल्या सगळ्या बोलण्याची किंमत वक्ता स्वतःच कमी करतो.

प्रश्न : ‘फायनली’, ‘लास्टली’, ‘अॅट लास्ट’, ‘इन द एंड’, ‘इन कन्क्लूजन’ आणि ‘टु सम अप’ यांपैकी समारोपाला कोणता शब्द वापरावा? विद्यार्थ्यांना शिकवताना माझाच गोंधळ होतो.

उत्तर : यांतील दोन शब्दप्रयोग आधी बाजूला काढू. ‘अॅट लास्ट’ म्हणजे पुष्कळ वाट पाहिल्यानंतर एकदाचे. ‘अॅट लास्ट, आय वुड लाइक टु से’ असे म्हटल्यास वक्ता बोलण्याच्या संधीसाठी ताटकळत होता, असा अर्थ निघतो. ‘इन द एंड’ हे एखाद्या घटनाक्रमाची अखेर काय झाली, ते सांगण्यासाठी असते. समारोपाची घोषणा करण्यासाठी हे दोन्ही चुकीचे आहेत, आणि ‘इन द लास्ट’ असा प्रयोग तर इंग्रजीत नाहीच.

‘लास्टली’ हा शब्द मुद्द्यांच्या मालिकेतील अखेरच्या मुद्द्यासाठी आहे. ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ असे मोजत आला असाल तर तो बरोबर बसतो. ‘फायनली’ हा मुद्द्यासाठीही चालतो आणि समारोपासाठीही. ‘टु सम अप’ म्हटल्यावर सांगितलेल्या गोष्टींचा थोडक्यात गोषवारा आलाच पाहिजे. तो द्यायचा नसेल तर हे शब्द उच्चारू नयेत, आणि नवा मुद्दा तर त्यानंतर मुळीच आणू नये. ‘इन कन्क्लूजन’ लेखी निबंधात अधिक शोभते, भाषणात ते किंचित ताठर वाटते. ‘लेट मी क्लोज विथ’ किंवा ‘लेट मी एंड बाय’ हे बोलण्याच्या लयीला जवळचे आहे. विद्यार्थ्यांना येथे एक व्याकरणाची गोष्ट अवश्य सांगा : ‘बाय’ नंतर क्रियापदाचे ‘इंग’वाले रूप येते, म्हणून ‘लेट मी एंड बाय सेइंग’ हे बरोबर आणि ‘लेट मी एंड बाय से’ हे चूक. ‘लास्ट बट नॉट लीस्ट’ हा प्रयोग व्यक्तींची किंवा गोष्टींची नावे घेताना शेवटच्या नावाला कमी लेखले जाऊ नये म्हणून आहे. आता तो अतिवापराने झिजला आहे, म्हणून टाळलेला बरा.

शब्द कोणताही निवडला, तरी त्याने श्रोत्यांना दिलेला शब्द पाळायला हवा. ‘फायनली’ ऐकल्यावर लोक मनाने निघायच्या तयारीला लागतात, आणि त्यानंतर वक्ता दहा मिनिटे बोलत राहिला तर त्याने आधी कमावलेला सद्भावही ओसरतो. जॉन एफ. केनेडी यांचे २० जानेवारी १९६१ रोजीचे शपथविधीचे भाषण काढून पाहा : शेवटचा परिच्छेद ‘फायनली’ या शब्दाने सुरू होतो आणि त्या शब्दासह फक्त दोन वाक्यांत भाषण पूर्ण होते. देशाने आपल्यासाठी काय करावे हे विचारू नका, असे सांगणारे त्यांचे प्रसिद्ध वाक्य त्याच्या थोडे आधी येऊन गेलेले असते, हेही वर्गात दाखवण्यासारखे आहे. टाळ्यांचे वाक्य आणि अखेरचे वाक्य एकच असावे असा नियम नाही.

प्रश्न : ‘दॅट्स ऑल फ्रॉम माय साइड’ हे बरोबर आहे का?

उत्तर : रोजच्या बैठकीत, आपला अहवाल सांगून झाल्यावर ‘दॅट्स ऑल फ्रॉम मी’ असे म्हणा, ते अधिक स्वाभाविक आहे. व्यासपीठावरच्या भाषणात दोन्ही नकोत.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. परिषदेत निबंध सादर केल्यानंतर ‘एनी क्वेश्चन्स?’ असे विचारले की सभागृहात शांतता पसरते आणि मला अवघडल्यासारखे होते. शेवट कसा करावा?

उत्तर : परिषदेतील सादरीकरणाचा शेवट तीन टप्प्यांत होतो, आणि बहुतेकांचे पहिल्या टप्प्याकडेच दुर्लक्ष होते. तुमच्या संशोधनातून हाती आलेला मुख्य निष्कर्ष ‘द मेन पॉइंट आय वुड लाइक यू टु टेक अवे इज’ असे म्हणून एका वाक्यात सांगा. त्यानंतर मार्गदर्शक, सहकारी आणि अर्थसाहाय्य देणारी संस्था यांचा ऋणनिर्देश थोडक्यात करा. मग ‘थँक यू. आय वुड बी हॅपी टु टेक युवर क्वेश्चन्स’ असे म्हणा. ‘एनी क्वेश्चन्स?’ या दोन शब्दांत परीक्षा घेतल्यासारखा कोरडेपणा आहे. ‘आय वुड बी हॅपी’ या शब्दांनी श्रोत्यांना विचारण्याचे आमंत्रण मिळते. ‘द फ्लोअर इज नाउ ओपन फॉर क्वेश्चन्स’ हे वाक्य मात्र सत्राच्या अध्यक्षांचे आहे. सभा चालवण्याचा अधिकार त्यांचा असल्यामुळे वक्त्याने ते स्वतः म्हणू नये.

पडद्यावर शेवटी ‘थँक यू’ एवढेच लिहिलेली मोठी चौकट ठेवण्याची पद्धत मला फार खटकते. प्रश्नोत्तरांच्या संपूर्ण वेळात तीच चौकट लोकांसमोर राहते. त्याऐवजी निष्कर्षांची चौकट तशीच ठेवा, म्हणजे श्रोत्यांना प्रश्न सुचायलाही मदत होईल. प्रश्न आलेच नाहीत, तर ‘अ क्वेश्चन आय अॅम ऑफन आस्क्ड इज’ असे म्हणून एक प्रश्न स्वतःच मांडता येतो, अर्थात तो खरोखर कोणी विचारलेला असला पाहिजे. तसा प्रश्न नसेल तर ‘आय विल बी अराउंड ड्युअरिंग द ब्रेक’ एवढे सांगून हसतमुखाने बसावे.

प्रश्न : इंग्रजी भाषणाच्या शेवटी एखाद्या थोर व्यक्तीचे वचन म्हणावे का?

उत्तर : वचन सुरुवातीला किंवा मध्ये वापरा, शेवटचे शब्द तुमचे स्वतःचे असू द्या, असे मी सुचवेन. ज्या क्षणी श्रोते तुमच्याकडे सर्वाधिक एकाग्रतेने पाहत असतात, त्या क्षणी दुसऱ्याच्या आवाजाआड जाण्याचे कारण नाही. शिवाय समारोपात वापरली जाणारी अनेक वचने त्या त्या व्यक्तींची नसतातच. ‘बी द चेंज यू विश टु सी इन द वर्ल्ड’ हे वाक्य महात्मा गांधींचे म्हणून सर्रास उद्धृत होते, परंतु या शब्दांत ते त्यांच्या लेखनात आढळत नाही. वचन घ्यायचेच असेल, तर त्याचे मूळ तपासा आणि त्यानंतर स्वतःचे एक तरी वाक्य ठेवा.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निरोप समारंभात मला इंग्रजीत बोलायचे आहे. त्याचप्रमाणे, शोकसभेत इंग्रजीतून बोलावे लागले तर कोणते शब्द योग्य ठरतात, तेही कळवावे.

उत्तर : निरोपाच्या भाषणात शेवटी श्रोत्यांवरून नजर काढून निरोप घेणाऱ्या व्यक्तीकडे वळावे आणि तिला थेट संबोधावे. ‘वुई विश यू मेनी हॅपी अँड हेल्दी इयर्स अहेड’ हे साधे आणि सुंदर आहे. ‘बेस्ट ऑफ लक’ परीक्षेला किंवा मुलाखतीला निघालेल्याला म्हणतात, निवृत्त होणाऱ्याला ते विचित्र वाटेल. ‘यू विल बी मिस्ड’ यापेक्षा ‘आय विल मिस युवर अॅडव्हाइस’ असे, त्यांची नेमकी कोणती गोष्ट आठवेल ते सांगणारे वाक्य अधिक मनाला भिडते. सगळ्यांना पेला उंचावायला सांगायचे असेल, तर ‘प्लीज जॉइन मी इन रेझिंग अ टोस्ट टु’ असे म्हणून शेवटी फक्त त्या व्यक्तीचे नाव घ्यावे आणि नावानंतर काहीही बोलू नये, कारण लोक तेच नाव पुन्हा उच्चारतात.

शोकसभेत शब्द जितके कमी, तितके बरे. ‘रेस्ट इन पीस’ ही मुळात लॅटिन भाषेतील ख्रिस्ती प्रार्थनेतून आलेली ओळ आहे. आज ती सर्वत्र वापरली जात असली, तरी मृत व्यक्तीची आणि कुटुंबाची श्रद्धा वेगळी असल्यास ‘वुई शॅल मिस हिम’ किंवा ‘शी विल स्टे इन अवर हार्ट्स’ असे म्हणणे अधिक सुरक्षित असते. ‘रेस्ट इन पीस’ची ‘आर.आय.पी.’ ही आद्याक्षरे तोंडाने उच्चारणे तर अगदी अशोभनीय आहे. ‘अवर थॉट्स आर विथ द फॅमिली’ या वाक्याने कुटुंबाला सांत्वन मिळते. येथे श्रोत्यांचे आभार मानू नयेत. किंचित मान लवून आपल्या जागी जावे.

प्रश्न : अमेरिकी नेते भाषणाच्या शेवटी ‘गॉड ब्लेस अमेरिका’ म्हणतात. त्याच धर्तीवर आपण ‘गॉड ब्लेस यू ऑल’ म्हणावे का?

उत्तर : तेथेही ही रीत फार जुनी नाही. रिचर्ड निक्सन यांनी ३० एप्रिल १९७३ रोजीच्या दूरचित्रवाणी भाषणाचा शेवट या शब्दांनी केला होता, आणि पुढे रोनाल्ड रेगन यांच्या काळात तो राष्ट्राध्यक्षांचा नित्याचा परिपाठ झाला. तुमची श्रद्धा मनापासूनची असेल आणि प्रसंग घरगुती किंवा धार्मिक असेल, तर ‘गॉड ब्लेस यू ऑल’ शोभते. व्यावसायिक सभेत, जेथे श्रद्धा असणारे आणि नसणारे दोन्ही बसलेले असतात, तेथे ‘आय विश यू ऑल वेल’ पुरेसे आहे.

प्रश्न : शेवट चांगला लिहिलेला असतो, पण व्यासपीठावर घाई होते, आवाज खाली जातो आणि कधी कधी वेळ संपल्याची चिठ्ठी आल्यामुळे शेवट म्हणायचाच राहून जातो. काय करावे?

उत्तर : संपूर्ण भाषण पाठ करण्याची गरज नाही, पण शेवटची दोन वाक्ये शब्दशः पाठ असली पाहिजेत, इतकी की कागद हरवला तरी ती म्हणता येतील. सरावाच्या वेळी आपण प्रत्येक वेळी सुरुवातीपासून बोलू लागतो आणि मध्येच कोठेतरी थांबतो, त्यामुळे सुरुवात शंभरदा घोटली जाते आणि शेवटाला सराव मिळतच नाही. म्हणून काही वेळा फक्त शेवटचा परिच्छेद घेऊन उभे राहून म्हणावा. इंग्रजी विधानाच्या अखेरीस सूर उतरतो, परंतु सूर उतरणे म्हणजे आवाज बारीक होणे नव्हे, हा फरक स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकल्यास लवकर लक्षात येतो. शेवटचे वाक्य कागदाकडे न पाहता श्रोत्यांकडे पाहून म्हणावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत कागद गोळा करू नयेत किंवा मागे पाऊल टाकू नये.

चिठ्ठी आली, तर उरलेले मुद्दे धावत वाचण्याचा मोह आवरा. ‘लेट मी गो स्ट्रेट टु माय लास्ट पॉइंट’ असे म्हणा, पाठ असलेली दोन वाक्ये ठरवलेल्या संथ गतीनेच म्हणा आणि खाली उतरा. जे सांगायचे राहिले त्याबद्दल माफी मागू नका; तुम्ही काय लिहून आणले होते, हे श्रोत्यांना ठाऊक नसते.